एका प्रश्नाचे मोल : आनुवंशिक सुजेचा विकार आणि सुरक्षित बाळंतपण

भंडारदरा म्हटले की प्रवरेवरील विल्सन धरण, रंधा धबधबा आणि १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर डोळ्यांसमोर उभे राहते. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाकाठी पर्यटकांची वर्दळ असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील या परिसराकडे आरोग्यसेवेच्या दृष्टीने पाहिले असता मात्र निराळेच चित्र दिसते. रतनवाडी, घाटघर, साम्रद यांसारखी सह्याद्रीच्या कड्यालगतची गावे, त्यांच्या दूरवर विखुरलेल्या वाड्या, महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती, आणि पावसाळ्यात धुके व मुसळधार पाऊस यांमुळे मंदावणारी वाहतूक, असे ते चित्र आहे. येथील गर्भवतीस अडचण आल्यास आधी शेंडी, मग राजूर, पुढे अकोले, आणि गरज पडल्यास संगमनेर किंवा सुमारे ७० कि.मी. अंतरावरील नाशिक, असा टप्प्याटप्प्याने प्रवास करावा लागतो.

अशा परिसरात नेहमीच्या बाळंतपणाची काळजी कशी घ्यावी, हे आता आरोग्यसेविका व आशा स्वयंसेविका यांना चांगले अवगत आहे. तथापि काही विकार असे आहेत की ते क्वचितच आढळतात, सर्वसाधारण उपचारांना दाद देत नाहीत आणि ऐनवेळी ओळखू आले तर हाती फारसा वेळ उरत नाही. आनुवंशिक सुजेचा विकार, ज्याला वैद्यकशास्त्रात ‘हेरिडिटरी अँजिओइडिमा’ म्हणतात, हा त्यांपैकी एक होय. या विकाराची माहिती गावपातळीवर असणे का आवश्यक आहे आणि तेथे कोणती पूर्वतयारी करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विकाराचे स्वरूप

या विकारात शरीराच्या एखाद्या भागास अकस्मात सूज येते. कधी ओठ व पापण्या, कधी हातापायांचे पंजे, कधी गुह्यांग सुजते. सूज काही तासांत वाढत जाते आणि उपचार न केल्यास साधारणतः दोन ते पाच दिवसांत आपोआप ओसरते. तिला खाज नसते व अंगावर पित्ताच्या गांधी उठत नाहीत. आतड्यांच्या आवरणास सूज आली तर पोटात असह्य कळा येतात, उलट्या होतात आणि रुग्णास अशक्तपणा येतो. सर्वांत धोक्याची सूज स्वरयंत्राची. आवाज बदलणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, थुंकी गिळता न येणे ही तिची पूर्वचिन्हे असून वेळीच उपाय न झाल्यास श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो.

असे का होते? आपल्या रक्तात ‘सी-१ इनहिबिटर’ नावाचे एक प्रथिन असते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर झिरपविणाऱ्या ‘ब्रॅडिकायनिन’ या द्रव्याची निर्मिती आटोक्यात ठेवणे, हे त्याचे एक महत्त्वाचे कार्य होय. बंधाऱ्याच्या दारावरील राखणदाराची उपमा त्याला देता येईल. ज्यांच्या शरीरात हे प्रथिन कमी प्रमाणात तयार होते, किंवा तयार होऊनही काम करीत नाही, त्यांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव भोवतालच्या पेशीसमूहात उतरतो आणि सूज येते. काही थोड्या कुटुंबांत हे प्रथिन योग्य प्रमाणात असूनही असाच विकार आढळतो. त्याचे वर्णन २००० साली पुढे आले.

येथेच या विकाराची खरी अडचण आहे. औषधांच्या किंवा अन्नाच्या वावड्यामुळे येणारी सूज ‘हिस्टामिन’ या द्रव्यामुळे येते. तिच्यावर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, स्टिरॉइड आणि ॲड्रेनॅलिन ही औषधे दिली जातात व ती गुणकारी ठरतात. आनुवंशिक सुजेचे कारण हिस्टामिन नसल्यामुळे या तिन्ही औषधांचा तिच्यावर उपयोग होत नाही. इंजेक्शन दिले आहे, आता आराम पडेल, या भरवशावर थांबणे म्हणजे मोलाचा वेळ गमावणे होय.

कुटुंबाच्या इतिहासातून लागलेला शोध

सुजेच्या या प्रकाराचे वर्णन जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८८२ साली केले. त्यानंतर सहा वर्षांनी, १८८८ साली, विल्यम ऑस्लर यांनी अमेरिकेतील एका कुटुंबाच्या पाच पिढ्यांत हीच सूज आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली आणि विकार आनुवंशिक असल्याचे दाखवून दिले. त्या काळी रक्ताची तशी तपासणी नव्हती, प्रथिनांची माहिती नव्हती. ऑस्लर यांच्या हाती होती ती केवळ आजी-आजोबा, मावश्या, काका यांच्या आजारपणाची हकीकत. सी-१ इनहिबिटरच्या उणिवेचा शोध त्यानंतर ७५ वर्षांनी, १९६३ साली, व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि इव्हान्स या संशोधकांनी लावला. प्रयोगशाळा जवळ नसलेल्या गावातही या विकाराचा माग घेता येतो, हा या इतिहासाचा बोध होय.

विकाराचे जनुक सदोष असलेल्या आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा आणि मुलगी असा भेद यात नाही. सुमारे पाचांपैकी एका रुग्णाच्या बाबतीत मात्र घराण्यात पूर्वी कोणासही विकार नसतो. तो त्या व्यक्तीपासूनच सुरू होतो. म्हणून घरात कोणाला नव्हते, एवढ्यावरून विकार नाही असे ठरविता येत नाही.

सर्वसाधारणपणे ५० हजार लोकसंख्येमागे एक असे याचे प्रमाण मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार ११ कोटी २४ लाख लोकसंख्येच्या महाराष्ट्रात या हिशेबाने सुमारे २,२०० रुग्ण असावयास हवेत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या ४५ लाख लोकसंख्येत ही संख्या नव्वदच्या आसपास येते, तर अकोले तालुक्यापुरती ती पाच-सहा भरते. हा केवळ गणिती अंदाज आहे. विकार घराण्यात चालत असल्याने एखाद्या तालुक्यात एकही रुग्ण नसेल, तर दुसरीकडे एकाच वाडीत तीन-चार असतील. प्रत्यक्ष निदान झालेल्यांची संख्या यापेक्षा पुष्कळ कमी असते. पोटदुखीचे मूळ न कळल्याने अनावश्यक शस्त्रक्रिया होणे, किंवा सूज किडा चावल्याने अथवा बाहेरच्या बाधेने आली असे समजून वर्षे निघून जाणे, हे या रुग्णांच्या वाट्यास जगभर आलेले आहे.

गरोदरपणात काय घडते

स्त्रियांच्या बाबतीत हा विकार विशेष लक्ष मागतो. ‘इस्ट्रोजेन’ या स्त्री-संप्रेरकाच्या वाढीमुळे सुजेचे झटके वाढू शकतात. त्यामुळे पुष्कळ मुलींमध्ये वयात येताना विकार तीव्र होतो, काहींना मासिक पाळीच्या दिवसांत त्रास होतो. गरोदरपणात मात्र सर्वांचा अनुभव सारखा नसतो. काही मातांचे झटके वाढतात, काहींचे कमी होतात, तर काहींमध्ये फरकच पडत नाही. पहिले बाळंतपण सुखरूप झाले म्हणून दुसरेही तसेच होईल, असे गृहीत धरता येत नाही.

गरोदरपणी पोटात कळ आली की प्रसूतीच्या वेणा, गर्भपात, वार सुटणे अशा अनेक शक्यता पुढे येतात. आतड्यांच्या सुजेची कळ त्यांसारखीच भासते. अशा वेळी सोनोग्राफीने आतड्यांच्या भिंतीची सूज व पोटात साचलेले पाणी दिसू शकते. परंतु विकार माहीत असला तरी गर्भाशी निगडित धोक्यांची शहानिशा आधीच झाली पाहिजे. प्रत्येक कळ जुन्या आजाराचीच, असे मानणेही तितकेच घातक आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. गर्भवतीच्या पायांवर सूज येणे ही बाब सामान्य आहे. चेहरा व हात सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक झाला व लघवीत प्रथिन आढळले, तर तो गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा विकार होय. तो आनुवंशिक सुजेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो व मातेच्या जिवावर बेततो. म्हणून सूज दिसताच प्रथम रक्तदाब मोजणे व लघवी तपासणे, हा क्रम कधीही चुकू नये.

निदानाची रीत

संशय आल्यास रक्तातील ‘सी-४’ या घटकाची पातळी तपासतात. ती कमी आढळल्यास सी-१ इनहिबिटरचे प्रमाण व त्याची कार्यक्षमता मोजली जाते. गरोदरपणात रक्तद्रव वाढत असल्याने या प्रथिनाची पातळी एरवीही खाली येते. त्यामुळे त्या काळात केलेली तपासणी बाळंतपणानंतर पुन्हा करून निष्कर्ष पक्का करावा लागतो. अर्भकाच्या बाबतीतही पहिल्या वर्षातील रक्ततपासणी भरवशाची नसते. ती वर्षानंतर पुन्हा करावी, असे तज्ज्ञ सांगतात. कुटुंबातील सदोष जनुक माहीत असल्यास जनुकीय तपासणी त्याआधीही करता येते.

या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी होत नाहीत. परळ, मुंबई येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था असून प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारांवर तेथे दीर्घकाळ काम चालू आहे. चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत देशातील अशा अनेक कुटुंबांचा अभ्यास व उपचार झाले आहेत. केंद्र शासनाने २०२१ साली दुर्मीळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले असून त्यातील उत्कृष्टता केंद्रांमध्ये के.ई.एम. रुग्णालयाचा समावेश आहे. धोरणाखाली कोणत्या आजारास कोणते साहाय्य मिळते, याची चौकशी जिल्हा रुग्णालयामार्फत या केंद्राकडे करणे श्रेयस्कर.

उपचार आणि त्यांच्या मर्यादा

गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात या विकारावर सर्वाधिक पसंतीचे औषध म्हणजे मानवी रक्तद्रवापासून तयार केलेले सी-१ इनहिबिटरचे इंजेक्शन. शरीरात जे कमी आहे तेच ते पुरविते. मात्र ते महाग आहे आणि लहान रुग्णालयांत ठेवलेले नसते. ते न मिळाल्यास गोठवून साठविलेला ताजा रक्तद्रव देतात, कारण त्यातही हे प्रथिन असते. त्यासाठी रक्तपेढी लागते, रक्तगट जुळवावा लागतो आणि गोठलेली पिशवी वितळविण्यास वेळ लागतो. क्वचित प्रसंगी रक्तद्रवाने सूज वाढू शकते, म्हणून तो देताना श्वासमार्गाची तयारी ठेवावी लागते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध झटके टाळण्यासाठी, दुसरा पर्याय नसताना, तज्ज्ञांच्या सल्ल्याने वापरले जाते. घशाच्या सुजेत त्याच्यावर विसंबता येत नाही.

डॅनाझॉल हे औषध स्वस्त असल्याने अनेक रुग्ण झटके टाळण्यासाठी ते घेत असतात. ते पुरुष-संप्रेरकासारखे असल्यामुळे पोटातील मुलीच्या गर्भावर त्याचा विपरीत परिणाम होतो. गरोदरपणात ते वर्ज्य असून गर्भधारणेचा विचार करतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करावे लागते. उच्च रक्तदाबावरील एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या या विकारात सूज वाढवितात. गरोदरपणातही त्या निषिद्धच आहेत.

निदान न झालेल्या रुग्णास घशाची सूज आल्यास काय करावे, असा प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर येतो. अ‍ॅलर्जीची सूज कितीतरी अधिक प्रमाणात आढळत असल्याने ॲड्रेनॅलिन देण्यात कुचराई करू नये. परंतु अंगावर गांधी नसतील, पूर्वी असे झटके येऊन गेले असतील आणि औषधाने उतार पडत नसेल, तर आनुवंशिक विकाराचा संशय धरून श्वासनलिकेत नळी घालू शकणाऱ्या भूलतज्ज्ञाकडे रुग्णास विनाविलंब हलवावे. सोबत प्रशिक्षित व्यक्ती व प्राणवायू असावा.

बाळंतपण व नंतरचे ७२ तास

समाधानाची गोष्ट अशी की, या विकाराच्या बहुसंख्य मातांचे नैसर्गिक बाळंतपण निर्विघ्न पार पडते. केवळ विकार आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. किंबहुना शस्त्रक्रियेचा आघात टाळता आला तर बरेच. मात्र प्रसूती घरी किंवा उपकेंद्रात न होता, जेथे भूलतज्ज्ञ व रक्तपेढी आहे आणि औषध आधीच आणून ठेवले आहे, अशा रुग्णालयात व्हावी. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची वेळ आली, अथवा सिझेरियन ठरले, तर आधी सी-१ इनहिबिटर देतात. सिझेरियनसाठी तोंडातून नळी घालून द्यावयाच्या पूर्ण भुलीपेक्षा कमरेतून दिलेली भूल पसंत केली जाते, कारण नळीचा घशास होणारा स्पर्शही सुजेस निमित्त होऊ शकतो.

प्रसूती पार पडली की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. या विकारात मात्र दक्षतेचा काळ तेथून पुढेही चालू राहतो. बाळंतपणानंतर गुह्यांगास, पोटास किंवा घशास सूज येऊ शकते, म्हणून मातेस निदान ७२ तास देखरेखीखाली ठेवावे, असे तज्ज्ञांचे मत आहे. २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस व सिझेरियननंतर सात दिवस मोफत आहाराची तरतूद आहे. अशा मातेने या सवलतीचा पूर्ण लाभ घ्यावा आणि घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला नेण्याची घाई करू नये. स्तनपान करण्यास हरकत नाही. त्या काळात काही मातांचे झटके वाढतात, एवढी जाणीव मात्र ठेवावी.

पुढचा प्रश्न पाळणा लांबविण्याचा. आरोग्य केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’ गोळीत इस्ट्रोजेन असते. म्हणून या स्त्रियांना ती देऊ नये. इस्ट्रोजेन नसलेली साधने, उदाहरणार्थ तांबी, यांचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येतो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया किंवा दात काढणे यांसारख्या प्रसंगीही विकाराची कल्पना आधी देणे आवश्यक आहे.

गावाने काय करावे

समजा, रतनवाडीसारख्या गावातील एखाद्या सुनेस तिसरा महिना लागला आहे. आशा स्वयंसेविका नाव नोंदविण्यास गेली असता तिने नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारला : “तुला, तुझ्या आईला, भावंडांना किंवा मुलाच्या वडिलांकडच्या कोणाला वरचेवर, खाज न येता, आपोआप उतरणारी सूज येते का? घशाला सूज येऊन घरात कोणी दगावले आहे का?” उत्तर होकारार्थी आले तर ते माता व बाल संरक्षण कार्डावर लिहावे आणि दरमहा ९ तारखेस होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत डॉक्टरांच्या नजरेस आणावे. तेथून पुढे सहा महिने हाती असतात. एवढ्या अवधीत मुंबईस रक्ताचा नमुना पाठविता येतो, प्रसूतीचे रुग्णालय ठरविता येते, औषधाची सोय करता येते. हाच प्रश्न विचारावयाचा राहिला आणि आषाढाच्या रात्री घसा सुजला, तर यांपैकी काहीच साधत नाही. मुलाच्या वडिलांकडे विकार असेल तर मातेस स्वतःला धोका नसतो. तेव्हा लक्ष बाळाकडे द्यावयाचे असते.

निदान झालेल्या मातेजवळ मराठीत लिहिलेले एक पत्रक सदैव असावे. विकाराचे नाव, अ‍ॅलर्जीच्या औषधांनी सूज उतरत नाही ही सूचना, द्यावयाचे औषध, ठरलेले रुग्णालय आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा दूरध्वनी क्रमांक एवढा मजकूर त्यात पुरेसा आहे. पावसाळ्यात प्रसूतीची तारीख येत असेल तर काही दिवस आधीच तिला रुग्णालयाजवळ नातेवाइकांकडे हलवावे. राज्याच्या काही आदिवासी भागांत याच हेतूने ‘माहेरघर’ योजना राबविण्यात आली आहे. १०२ व १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका उपलब्ध आहेत. परंतु कोणत्या वाडीपर्यंत गाडी येते, तेथून पुढे कोण नेईल, भ्रमणध्वनीची रेंज कोठे मिळते, हे ग्रामपंचायतीने आधीच ठरवून ठेवावयास हवे.

शिक्षकांचेही यात स्थान आहे. पोटदुखीने वारंवार गैरहजर राहणारी, ओठ वा हात सुजलेल्या स्थितीत शाळेत येणारी मुलगी प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते. आश्रमशाळांमधून तर मुले महिनोन्‌महिने शिक्षकांच्याच सहवासात असतात. वयात येतानाच विकार ओळखला गेला तर पुढच्या बाळंतपणाची निम्मी तयारी तेथेच झाली, असे म्हणता येईल.

या साऱ्यात एक पथ्य कसोशीने पाळले पाहिजे. घराण्यात चालणारा आजार म्हटला की लग्नसंबंधांवर सावट येते आणि दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो. हा विकार सांसर्गिक नाही, तो कोणाच्या पापाचे फळ नाही, आणि तो आईइतकाच वडिलांकडूनही येऊ शकतो, हे ग्रामसभेत सर्वसाधारणपणे सांगावे. मात्र कोणा एका कुटुंबाचे नाव चव्हाट्यावर येता कामा नये. कार्डावरील नोंद आरोग्य कर्मचारी व डॉक्टर यांच्यापुरतीच राहिली पाहिजे. तसा विश्वास असेल तरच पुढच्या घरात विचारलेल्या प्रश्नास खरे उत्तर मिळेल.

दरवर्षी १६ मे हा दिवस जगभर या विकाराविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. त्यानंतर काही आठवड्यांतच भंडारदऱ्याच्या डोंगरांवर पाऊस उतरतो आणि वाड्यांचे रस्ते बिकट होतात. पावसाळ्यापूर्वी गरोदर मातांच्या याद्या आरोग्य केंद्रात अद्ययावत केल्या जातात. त्याच वेळी प्रत्येक मातेस हा एक प्रश्न विचारला जावा. त्यास खर्च नाही, यंत्र लागत नाही आणि बहुतेक घरांत उत्तर ‘नाही’ असेच येईल. ज्या एखाद्या घरात ते ‘होय’ येईल, तेथील मातेच्या सुखरूप सुटकेची तयारी त्याच दिवसापासून सुरू होईल.